टिबुकलीला अहो म्हणणारे भाऊसाहेब

माझं अक्षर चांगलं नाही. शुद्धलेखनही कच्चं आहे. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. तेव्हा ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. भाऊसाहेबांना जाऊन या पोळ्याला दोन वर्षं झाली. परवा मंगलअक्का म्हणाली, "म्हातारा कसा दिसायचा गं? मला तर तोंडच आठवंना झालंय." मला आठवतं. म्हणून लिहून ठेवते.

भाऊसाहेब पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, इथंही घेणार नाही. नोकरीत असताना एकदा ते पाण्याच्या मोजणीला आमच्या गावच्या तळ्यावर आले होते आणि तिथं त्यांनी टिबुकली हा बुड्या मारणारा पक्षी पाहिला. रिटायर झाल्यावर लोक पोरांकडं जातात, तीर्थाला जातात. यांना पोरं नव्हती, बायको आधीच गेली होती. श्रीरामपूरला एक पुतणी होती, ती बोलवत होती. पण हे आले आमच्या तळ्याला. पुणतांब्याच्या रस्त्यावरचं आमचं गाव, पाटाच्या शेवटच्या टोकाचं. तिथं आपण होऊन राहायला आलेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

त्यांचा डबा माझ्याकडं होता. संध्याकाळचा खोलीवर द्यायचा आणि सकाळचा तळ्यावर. पहिल्या दिवशी डबा घेऊन गेले तर भाऊसाहेब बांधावर रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेले. मी दिसताच त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. गाल फुगलेले, तोंड लाल होत चाललेलं, डोळे पाण्याकडं. मला वाटलं छातीत कळ आली. मी ओरडणार तेवढ्यात समोर वीसेक पावलांवर पाण्यातून काहीतरी गोल टुपकन वर आलं, त्यानं मान झटकली, आणि इकडं भाऊसाहेबांनी फुस्सकन श्वास सोडला.

"आल्या!" ते म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं. कोणीच आलं नव्हतं.

"त्या बाई हो. टिबुकली. आज अठरा आकडे मोजेपर्यंत खाली होत्या. काल बावीस झाले होते, मला घेरी आली."

पक्ष्यानं बुडी मारली की हे श्वास धरायचे. का, तर म्हणाले, "त्या खाली असताना आपण वर आरामात हवा खात बसायचं, हे बरं दिसत नाही."

एवढं ऐकून मी डबा ठेवला आणि घरी आले. आमचे हे म्हणाले, "महिन्याचे पैसे आगाऊ घे. माणूस ठीक दिसत नाही."

भाऊसाहेब सगळ्यांना अहो-जाहो करायचे. कुत्र्याला, कोंबडीला, पाण्यातल्या पक्ष्याला. "अहो, सरका जरा," असं त्यांनी वाटेतल्या म्हशीला म्हटलेलं मी ऐकलंय, आणि म्हैस सरकेपर्यंत ते उभेही राहिले. मलाही "बाई, आपण बसा," म्हणायचे. माझ्या आईबापाच्या घरी मी "ए पोरी" होते, इकडं "ऐकलं का" झाले. आपण बसा असं मला कोणी म्हटलं नव्हतं. पहिले काही दिवस मी बसलेच नाही. ते दुसऱ्याच कोणाला म्हणतायत असं वाटायचं.

त्यांच्या सदऱ्याच्या काजाला सुतळीनं पेन्सिल बांधलेली असायची. दुर्बीण जुन्या बाजारातली, एका बाजूच्या काचेला आतून बुरशी आलेली. म्हणून ते एक डोळा मिटून बघायचे. नवी दुर्बीण घ्यायची म्हणून पेन्शनमधून बाजूला टाकायचे. ते पैसे खोलीतल्या चहाच्या डब्यात असायचे हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

कोणी काही सांगायला गेलं की त्यांचे चार प्रश्न ठरलेले. केवढं? कसा रंग? कुठं? काय करत होतं? एकदा मंगलअक्काची शेळी हरवली. मंगलअक्का म्हणजे आमच्या बचत गटाची अध्यक्ष, आवाज असा की वेशीवरून हाक मारली तर पाटापलीकडं माणूस उठून बसावा. ती बांधावर आली, "भाऊसायेब, माझी शेळी दिसली का?" झालं, यांनी वही-पेन्सिल काढली. केवढी होती? कसा रंग? शेवटची कुठं दिसली?

"आणि काय करत होती?"

"चरत हुती, आनि काय करनार? भजन करत हुती?"

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं, "चरत." शेळी संध्याकाळी आपोआप घरी आली. मंगलअक्कानं ते कळवलं नाही म्हणून भाऊसाहेब दोन दिवस नाराज होते, कारण वहीत शेळी हरवलेलीच राहिली.

"वाटतं" हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी एकदा म्हटलं, "नर-मादी दोन्ही होते वाटतं." तर म्हणाले, "बाई, वाटलं ते घरी ठेवा. दिसलं ते सांगा."

दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांवर सावट येऊ लागलं. मोतीबिंदू नव्हता, आतला पडदा खराब होता, त्याला ऑपरेशन नाही असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दूरचं पुसट झालं. तेव्हा एक दिवस दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाले, "आजपासून डोळे तुमचे." मी म्हटलं मला लिहिता येत नाही धड. म्हणाले, "चौथीत अक्षरं शिकवतात ना? तेवढी पुरतात."

मी बघायचे आणि सांगायचे, मग लिहायचे. पहिल्यांदा मी सांगितलं, "तपकिरी."

"काय तपकिरी? तपकिरी तर माझी चप्पलही आहे. घरातली वस्तू सांगा."

मी पुन्हा बघितलं. मान आणि गाल तांबूस, पण विटेसारखे नाहीत, त्याहून गडद आणि ओले. म्हटलं, "काताचा रंग. पानात घालायचा कात."

भाऊसाहेब डब्यावरून उठले. "लिहा! काताचा रंग लिहा! इतक्या वर्षांत मला सुचलं नाही."

मग मी धीट झाले. चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका, हळद कुटून बोट पुसल्यावर राहते तेवढा. चोच आखूड, सरळ, टोकदार. शेपूट नाहीच म्हटलं तरी चालेल, मागून पिंजलेला कापूस. अंग सोललेल्या नारळापेक्षा जरा मोठं. राहायला पाणी साचलेलं लागतं, पाणकणसाच्या उंच पात्यांचा आडोसा लागतो. वाहत्या पाटात मी तिला कधी पाहिलं नाही. झाडावर तर नाहीच. पाय इतके मागं असतात की जमिनीवर दोन पावलं चालली तरी पडेल असं दिसतं. माझं शुद्धलेखन त्यांनी एकदाही सुधारलं नाही. ते म्हणायचे, ते मास्तर बघतील, पक्षी आपण बघू.

तिचं घरटं त्यांनी मला दाखवलं तेव्हा मला हसू आलं. पाण्यावर तरंगता कचरा, पाणकणसाला अडकलेला. वर अंडी. टिबुकली घरट्यातून निघाली की घाईघाईनं ओलं शेवाळ ओढून अंडी झाकते, मग बुडी मारते. भाऊसाहेब म्हणाले, "बाई बाहेर जाताना दार लोटून घेतात." तशी पाच घरटी होती आणि ती कुठं आहेत हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आता पुढचं लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

त्या पावसाळ्यात आमच्या गटानं तळ्यात मासे सोडायचा ठेका घेतला. अकरा बायका. बँकेचं कर्ज काढून माशांची पिल्लं आणली, बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. कर्जाच्या कागदावर सगळ्यांबरोबर माझीही सही होती. जन्मात पहिली सही. महिन्यानं जाळं टाकून पाहिलं तर जाळ्यात मूठभर. सगळ्यांची तोंडं उतरली.

तळ्यात एक वाळलेली बाभळ उभी आहे. तिच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. ते मासे खातात हे सगळ्यांना माहीत. आणि आमच्या गावात पहिल्यापासून सगळे असं समजत आले की पाण्यात बुड्या मारतात ती बारकी म्हणजे पाणकावळ्याचीच पिल्लं. आईबाप झाडावर, पोरं पाण्यात. भाऊसाहेब यायच्या आधी मीही तसंच समजत होते.

मंगलअक्काच्या ओट्यावर मीटिंग झाली. एक जण म्हणाली, "बोटुकली टिबुकलीनं खाल्ली," आणि सगळ्या हसल्या, पण मंगलअक्का हसली नाही.

"कावळा झाडाव ऱ्हातो, आपल्या हाताला लागायचा न्हाई. पर पिल्लं पान्यात हायेत. घरटी मोडली की खेळ खलास. कुठं हायेत घरटी?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "ही रोज डबा घिऊन जाती तिकडं. हिला म्हाईत असनार."

मला चार माणसांत बोलता येत नाही. नाही म्हणायलाही बोलावंच लागतं. दहा बायका बघत होत्या, कर्ज सगळ्यांचं होतं. मी म्हटलं, "पाणकणसात. पूर्वेच्या कोपऱ्याला." माझ्या तोंडून तेवढंच निघालं, आणि पुरेसं होतं.

सकाळी त्या विळे आणि ट्रकची ट्यूब घेऊन तळ्यावर आल्या. मी डबा घेऊन मागं. भाऊसाहेब नेहमीसारखे बसलेले. त्यांना विळे दिसले नसतील, पण आवाज कळले. मंगलअक्कानं काय करायला आलोय ते सांगितलं. घरटी कुठं ते कोणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडं फक्त एकदा तोंड वळवलं.

"आधी ओळख पटवा," ते म्हणाले. "मग शिक्षा द्या. ती पाणकावळ्याची पिल्लं नाहीत."

"भाऊसायेब, राग मानू नका," मंगलअक्का म्हणाली, "तुमाला दिसतं का तरी?"

"मला नाही दिसत. यांना दिसतं. यांना विचारा."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. घरटी मीच सांगितली होती. आता गप्प बसले असते तर ती गेली असती आणि कोणी मला काही म्हटलंही नसतं. मी डब्याची कडी घट्ट धरली आणि पाण्याकडं बघून बोलायला लागले, कारण बायकांकडं बघून बोलता आलं नसतं.

मी सांगितलं, पाणकावळ्याची चोच लांब आणि टोकाला आकडी, विळ्यासारखी. हिची आखूड आणि सरळ. त्याला लांब शेपूट, हिला नाही. तो पंख वाळवायला झाडावर बसतो, ही झाडावर चढत नाही, जमिनीवरही चालत नाही. त्याचं घरटं झाडावर काटक्यांचं, हिचं पाण्यावर शेवाळाचं. हिची पिल्लं अंड्यातून निघाली की आईच्या पाठीवर बसतात, त्यांच्या डोक्यावर पट्टे असतात, मी स्वतः पाहिलेत. पाणकावळ्याची पिल्लं असती तर पिल्लांना पिल्लं कशी झाली असती?

कोणीतरी खुसकन हसलं. मंगलअक्का म्हणाली, "अगं, हिला त्वांड हाय की!" मग म्हणाली, "बरं, न्हाईत त्याची. पर खाती काय ते सांग. चोचीत काय बघितलंस?"

"पाण्यातले किडे. झिंगे. बेडकाची पिल्लं."

"आनि मासं?"

नाही म्हणणं सोपं होतं. भाऊसाहेब डब्यावर बसून नखं बघत होते.

"दोनदा मासा बघितला," मी म्हटलं. "बारका. करंगळीच्या दोन पेरांएवढा."

"मंग! खाती तर हाय!" विळे पुन्हा हातात आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं केलेलं सगळं मी एका वाक्यात घालवलं असं वाटलं.

भाऊसाहेब उठले. मला रागावतील असं वाटलं. तर त्यांचं तोंड उजळलं होतं.

"ऐकलंत? यांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारंही सांगितलं. या बाई म्हणतात दोनदा, म्हणजे दोनदाच. तेवढ्यानं तुमचं तळं रिकामं होत नाही." मग मंगलअक्काकडं वळून विचारलं, "माशांचं बीज केवढ्याचं आणलंत?"

"पंधरा हजाराचं."

"ते मी आज देतो. घरटी दिवाळीपर्यंत तशीच राहतील. उन्हाळ्यात मासे निघाले तर माझे परत करा. नाही निघाले तर बीज टिबुकल्यांनी खाल्लं आणि त्याचे पैसे मी दिले, असं समजा."

मंगलअक्का म्हणाली, "भाऊसायेब, येडं हायसा का?"

"तसं म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले.

चहाचा डबा त्यांनी त्याच दिवशी ओट्यावर आणून रिकामा केला. दुर्बिणीचे पैसे. माझ्या शब्दावर. ते पैसे बुडाले तर माझ्यामुळं बुडणार होते. त्या दिवसापासून उन्हाळ्यापर्यंत मी एक घास सुखानं खाल्ला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, कारण मी जेवत होते. पण रोज तळ्याकडं बघताना मी मनात ते पंधरा हजार मोजायचे. भाऊसाहेबांना मी एकदा म्हटलं, घरटी मीच सांगितली. ते म्हणाले, "माहीत आहे. आपल्याशिवाय कोणाला माहीत होती? जेवण छान झालंय आज."

पाणकावळ्यांसाठी आम्ही बाभळीला जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या आणि आळीपाळीनं थाळ्या वाजवल्या. घरटी राहिली. पिल्लं झाली. थंडी पडली तशी एक दिवस मंगलअक्का धापा टाकत बांधावर आली.

"भाऊसायेब, घात झाला! तुमची पाखरं कुनीतरी मारली. आता दुसरीच आल्यात, मळकी, धुरकट. काताची एक बी न्हाई!"

भाऊसाहेब इतके हसले की पेन्सिलीची सुतळी तुटली. "अहो, त्याच आहेत त्या! लग्नसराई संपली. शालू उतरवून ठेवला, रोजचं पातळ नेसल्या. गालावरचं तांबूस जातं, मान मातकट होते, ठिपका पुसट होतो. पुढच्या पावसाआधी पुन्हा शालू."

मंगलअक्कानं पुन्हा पाण्याकडं बघितलं. "आनि आमचं नवरं म्हनत्यात बायकाच लई साड्या बदलत्यात," ती म्हणाली. त्या दिवसापासून तळ्यावर दगड मारणाऱ्या पोरांना सगळ्यात आधी तिच्या शिव्या बसू लागल्या.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि आम्ही पुन्हा जाळं टाकलं. पहिल्या वेळचं जाळं मोठ्या घराचं, म्हणजे मोठ्या भोकांचं होतं, बारकी पिल्लं त्यातून निसटली होती, हे कोळ्यानं तेव्हा सांगितलं. या वेळी दोन बायकांना जाळं ओढवेना. कटला, रोहू, हातभर. मी बांधावर बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. भाऊसाहेब विचारत होते, "केवढे? कसा रंग?" आणि मला सांगता येईना.

बँकेचं आधी दिलं. भाऊसाहेबांचे त्या वर्षी आठ हजार देता आले. पुढच्या वर्षी पाटाच्या पाण्याचं आवर्तन उशिरा सुटलं, तळं लवकर आटलं, मासा कमी निघाला, तेव्हा चार दिले. मग त्यांना अगदीच दिसेना झालं आणि पुतणी त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. तीन हजार राहिले. त्यांनी कधी विषय काढला नाही. मंगलअक्का म्हणायची, "म्हाताऱ्याचं ठिवून मासं गोड लागायचं न्हाईत." तिसऱ्या वर्षी मासे विकले त्याच आठवड्यात तिनं पैसे माझ्या पदराला बांधले. "तूच जा. तुझ्या शबदाव दिल्तं त्यानं. आनि ऐक, राहू द्या म्हनंल, ऐकू नगं."

मी यष्टीनं श्रीरामपूरला गेले. एकटी पहिल्यांदाच. पुतणीचं घर दुसऱ्या मजल्यावर, भाऊसाहेब गॅलरीत खुर्चीवर. मी आवाज दिला तसे ते उठून उभे राहिले. "बाई, आपण बसा."

मी बसले. पदराची गाठ सोडून पैसे त्यांच्या हातात दिले आणि कशाचे ते सांगितलं. पुतणी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अहो, राहू द्या हो. तीन वर्षं झाली. काका विसरूनही गेले असतील. त्यांना आता काय करायचेत?"

"तू थांब," भाऊसाहेब म्हणाले. "यांनी आणलेत. मी मोजतोय."

त्यांनी एकेक नोट बोटांनी चाचपून मोजली. घाई केली नाही. मध्ये एक नोट कोपऱ्याला फाटलेली लागली, ती त्यांनी माझ्याकडं परत दिली. मी यष्टीच्या परतीच्या पैशांतून दुसरी दिली. पुतणीला ते बरं वाटलं नाही, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला मात्र आतून कसं ताठ झाल्यासारखं वाटलं. माझ्याकडून कोणी असे पैसे मोजून घेतले नव्हते. गरिबाच्या बाईकडून एकतर हिसकून घेतात, नाहीतर राहू द्या म्हणून सोडून देतात.

शेवटची नोट मोजून त्यांनी पुडकं सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

"पूर्ण झाले," ते म्हणाले. "आता तुमचं मला काही देणं नाही. आता नुसत्या भेटायला या."